व्हीएचएफला जीपीएस जोडताना

आमच्या मासेमारीच्या ट्रॉलरवर डीएससीवाला (बटण दाबताच संकटाचा संदेश धाडणारा) व्हीएचएफ रेडिओ होता, बोटीचं ठिकाण नकाशावर दाखवणारा जीपीएस प्लॉटरही होता, पण दोन्ही आपापल्या जागी, एकमेकांना न जोडलेले. रेडिओच्या पडद्यावर अक्षांश-रेखांशाच्या जागी नुसत्या रेघा. झाकणाखालचं लाल बटण दाबून धरलं की चॅनल ७० वरून संकटाचा संदेश आपोआप जातो. त्यात बोटीचा एमएमएसआय नंबर, म्हणजे रेडिओवरची तिची ओळख, असतो आणि जीपीएस जोडलेला असेल तर ठिकाणही. आमचे बरेचसे खलाशी नेपाळचे. बोट चालवणारा तांडेलच पाण्यात पडला तर माईकवर आकडे कोण वाचणार? म्हणून १ जूनला पावसाळी मासेमारीबंदी लागून बोट रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात उभी राहिली तेव्हा आधी हेच काम हाती घेतलं.

दोन्ही यंत्रं एनएमईए ०१८३ वाली, म्हणजे बोटीवरच्या यंत्रांनी एकमेकांना माहिती द्यायच्या ठरलेल्या पद्धतीची. यात एक यंत्र बोलतं, बाकीची ऐकतात. प्लॉटरच्या बोलायच्या दोन वायरी रेडिओच्या ऐकायच्या दोन वायरींना जोडायच्या, एवढंच. वायरींचे रंग मात्र प्रत्येक कंपनीचे वेगळे असतात, त्यामुळे रंगाला रंग जोडून चालत नाही. दोन्ही मॅन्युअलं शेजारी ठेवून अधिक-उणे कागदावर मांडून घेतलं. माहिती पाठवायचा वेग दोन्हीकडे ४८०० (बिट प्रति सेकंद) ठेवला.

खरा वेळ गेला तो केबलमध्ये. जुनी केबल सोलली तर आतलं तांबं काळंठिक्कर. वीतभर मागे कापलं, तरी काळंच. खारं पाणी तारांच्या मधून आत चढत जातं, वरून वायर नव्यासारखी दिसते. ती पूर्ण काढून कथलाचा मुलामा असलेल्या तारांची केबल ओढली. जोडावर आतून गोंद असलेली हीटश्रिंक (गरम केल्यावर आवळणारी) नळी बसवली. केबिनच्या छतातून वायर खाली येते तिथे मुद्दाम झोल सोडला, म्हणजे ओघळलेलं पाणी झोलाच्या टोकाशी गळून पडतं, जोडापर्यंत पोचत नाही. ही केबल होकायंत्रापासून लांबूनच नेली. रेडिओचा स्पीकरही तिथून हलवला, त्यातल्या चुंबकाने सुई फिरते.

रेडिओला जोडण्याआधी प्लॉटर खरंच बोलतोय का ते लॅपटॉपवर बघितलं. पडद्यावर ओळी धावू लागल्या. त्यातली 'आरएमसी' ही ओळ महत्त्वाची: वेळ, ठिकाण, वेग, दिशा सगळं तिच्यात. सुरुवातीला तिच्यात 'व्ही' दिसत होता, म्हणजे ठिकाण अजून भरवशाचं नाही. उपग्रह मिळाल्यावर त्या जागी 'ए' आला. मग रेडिओ जोडला आणि रेघांच्या जागी १७ उत्तर, ७३ पूर्वच्या आसपासचे आकडे उमटले. मला फार बरं वाटलं.

तांडेलकाका म्हणाले, "आकडे बरोबर हायत, पण घड्याळ साडेपाच तास मागे कसं?" प्लॉटरकडून येणारी वेळ जागतिक (यूटीसी) असते. सेटिंगमध्ये ५:३० टाकल्यावर ते जुळलं.

इंजिन सुरू करून बघितलं तर स्टार्टर फिरताना रेडिओ विझून पुन्हा लागायचा. स्टार्टर त्या क्षणी बॅटरीचा दाब खाली ओढतो. मग रेडिओ आणि प्लॉटर दोघांना वेगळी बॅटरी दिली, ती केबिनमध्ये उंचावर ठेवली, म्हणजे बोटीत पाणी शिरलं तरी रेडिओ चालू राहील.

लाल बटण चाचणीसाठी दाबायचं नाही, हे सगळ्यांना निक्षून सांगितलं. कधी आणि किती वेळ दाबायचं, ते काकांनी हिंदीत लिहून रेडिओशेजारी चिकटवलं. बोट पाण्यात निघायच्या आधी प्रत्येक खलाशाकडून ते वाचून घेतलं.