यशवंत स्टेडियम ते मॉरिस टी पॉइंट : पहिल्यांदा मोर्चाला निघालेल्यांसाठी

नागपूरच्या हिवाळी अधिवेशनावर ‘समान काम, समान वेतन’ या मागणीसाठी कंत्राटी कर्मचाऱ्यांचा मोर्चा होता. मी कंत्राटी नर्स. वर्ध्याहून पहाटेच्या गाडीनं आम्ही अकरा जणी निघालो. नागपूर स्टेशनवरून मेट्रोनं सीताबर्डी आणि तिथून पायी यशवंत स्टेडियम. ऑटोच्या भानगडीत पडू नका. अधिवेशनात बर्डीतला कोणता रस्ता कधी बंद होईल, नेम नसतो.

दहाला पोचलो, मोर्चा हलला दीडला. बसायला चादर न्याच. पण हा वेळ फुकट गेला असं मी म्हणणार नाही. आमच्या दवाखान्यात कायम आणि कंत्राटी यांचा चहासुद्धा वेगळा होतो. इथं माझ्या एका बाजूला गडचिरोलीच्या आशाताई, दुसऱ्या बाजूला एक अंध टेलिफोन ऑपरेटर, समोर सफाई कामगार. ताईंनी फडकं सोडलं, तांदळाची भाकर आणि जवसाची चटणी. सफाईवाल्या दादांनी, वरून टाका म्हणून, ओंजळ पुढं केली. ताईंनी त्यांचा हात धरला, भाकर हातात ठेवली, म्हणाल्या, “घे ना भाऊ, काऊन लाजतो?” आणि त्याच डबीत स्वतःचाही घास बुडवला. दादा बराच वेळ मान खाली घालून खात होते.

तात्पुरत्या कर्मचाऱ्यांनाही समान कामाला समान वेतन, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 26 ऑक्टोबर 2016 चा आहे. माझ्या हातात पगार येतो तो मात्र शेजारच्या सिस्टरच्या निम्माही नाही. ती कायम आहे, तिला या मोर्चातून काही मिळायचं नव्हतं. तरी रजा टाकून आली होती.

अंतर दोन किलोमीटरही नाही. मॉरिस कॉलेज टी पॉइंटला पोलीस अडवतात, मग रस्त्यावरच बैठक. ऑपरेटर दादांनी पूर्ण वाट आशाताईंच्या पदराचं टोक धरून काढली, आणि घोषणा मात्र सगळ्यांत खणखणीत त्यांचीच.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. 23 नोव्हेंबर 1994 ला याच भागात गोवारी बांधवांच्या मोर्चात चेंगराचेंगरी होऊन 114 जीव गेले. त्यात बाया आणि लेकरं जास्त होती. झिरो माईलला त्यांचं स्मारक आहे, तिथं जाऊन हात जोडा. आणि बॅरिकेडला अगदी चिकटून उभं राहू नका, म्हातारी माणसं, लेकरं यांना कडेनं ठेवा, मागून रेटा आला की ढकलू नका, बाजूला सरका. गर्दीत फोन लागत नाही. चुकामूक झाली तर भेटायची जागा सकाळीच ठरवा.

बायांसाठी मोठी अडचण संडासाची. त्या भीतीनं पाणी न पिणाऱ्या दोघींना संध्याकाळी चक्कर आली. पाणी प्या, आणि मोर्चा निघायच्या आधी मेट्रो स्टेशनवर जाऊन या. स्वेटर न्या, पाचनंतर थंडी झोंबते. शिष्टमंडळ आत जाऊन निवेदन देतं, त्याच्या पोचपावतीचा फोटो प्रत्येकानं घ्यावा.

साडेपाचला शिष्टमंडळ आश्वासन घेऊन परतलं. परतीच्या गाडीत सिस्टर माझ्याशेजारी बसली. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात अकराला ती आपला कप घेऊन आमच्या खोलीत आली.