ओलीस मुलाची थरारकथा : खोलीतला भाग उरकला

मोबाइलवर शूट होणाऱ्या आमच्या सिनेमातली, परळच्या चाळीतली दहा बाय बाराची खोली. मुलाचे क्लोजअप आधी घेतले, अपहरणकर्त्याचे मुलगा घरी गेल्यावर. धमकीचं एकही वाक्य मुलाच्या कानावर पडू द्यायचं नाही, हे पटकथेतच पक्कं होतं. नजर लावायला स्टँडवर लाल चिकटपट्टी, आणि सूचना एवढीच: "तिथे पाल आहे, हलू नकोस." मूल श्वास धरतं, डोळे मोठे होतात. त्यावर संकलनात कडीचा आवाज टाकला की भीती तयार. मुलाला रडवून घेतलेला शॉट आमच्या सिनेमात नको, आणि पडद्यावर तो टिकतही नाही.

पाठमोऱ्या शॉटला मुलाच्या जागी बुटकी प्रौढ कलाकार. शर्ट एकाच ताग्यातून दोन मापांत शिवून घ्या. रेडिमेडमध्ये रंगाची छटा हमखास बदलते.

हात बांधायला सुती नाडा. मनगटाभोवती दोन सैल फेरे, गाठ अजिबात नाही, टोकं मुलाच्याच मुठीत. मूठ उघडली की सुटका. काथ्या कॅमेऱ्यात छान दिसतो, पण कातडी सोलवटते. तोंडावर पट्टी नाहीच. नाक चोंदलेलं असेल तर श्वास कोंडतो.

उघडा बल्ब 100 वॅटचा, आत तार तापणारा जुन्या पद्धतीचा. स्वस्त एलईडीखाली मोबाइलच्या चित्रात पट्टे सरकतात. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो. सेकंदाला 24 फ्रेम असताना शटर, म्हणजे एका फ्रेमवर प्रकाश पडण्याचा वेळ, 1/50 सेकंदावर लॉक केलं की प्रत्येक फ्रेमला दिव्याचे दोन पुरे ठोके मिळतात. ऑटोवर ठेवलं की शटर मध्येच बदलतं आणि पट्टे परत.

आवाजाला लोकलचा त्रास मोठा. संवादाखाली गाडी असली की कट लगेच कानाला कळतो. म्हणून गाडी गेल्यावरच टेक. गाडीचा सलग आवाज वेगळा रेकॉर्ड करून नंतर खाली अंथरायचा. रिकाम्या खोलीची शांतताही मिनिटभर वेगळी रेकॉर्ड करायची. घरघर नको म्हणून फ्रिज बंद करताना घराची किल्ली त्यातच ठेवावी, म्हणजे निघताना तो सुरू करायचं राहत नाही.

बालकलाकारासाठी जिल्हादंडाधिकाऱ्यांची परवानगी आधी लागते. दिवसाला 5 तासांच्या वर काम नाही, विश्रांतीशिवाय 3 तासांच्या वर नाही. मानधनातले किमान 20 टक्के त्याच्या नावे राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. वेळापत्रक यावरूनच आखा.

आता जिन्यातला पाठलाग बाकी. खोटं पिस्तूल चाळीत दिसणार, त्यामुळे पोलीस ठाण्यात लेखी कळवून, शेजाऱ्यांना सांगूनच कॅमेरा लावायचा.