आमची वाटचाल: अडेनियम, बियांपासून कलमांपर्यंत

आमची रोपवाटिका साध्या गुलाबी अडेनियमच्या रोपांपासून सुरू झाली. पुढे दुहेरी पाकळ्यांची कलमं आली, मग कुरिअरने झाडं पाठवणं. सगळं वेळापत्रक मात्र पहिल्यापासून पावसावर बेतलेलं. हे झुडूप आफ्रिकेतल्या आणि अरबस्तानातल्या कोरड्या मुलखातलं. कडक ऊन त्याला मानवतं, चार महिन्यांची ओल नाही.

बी आता घरचंच धरतो. शिंगांसारखी जोडशेंग तडकायच्या आत दोऱ्याने बांधावी लागते, नाहीतर दोन्ही टोकांना झुपके असलेलं बी वाऱ्यावर उडून जातं. ताजं बी फेब्रुवारी-मार्चमध्ये पेरलं की आठवड्याभरात कोंब दिसतात आणि पावसाआधी रोपं सावरतात. फांदीपासूनही झाड होतं, पण त्याचा बुंधा तसा फुगत नाही. म्हणून खुंट, म्हणजे ज्यावर कलम बांधायचं ते मुळांचं रोप, कायम बियांचाच.

बियांतून रंग जसाच्या तसा उतरत नाही, त्यामुळे कलमांकडे वळलो. खुंटाच्याच जाडीची, 4-5 सेंमीची काडी घ्यायची, दोन्ही काप सपाट द्यायचे, चीक टिपायचा आणि लगेच जोडून प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधायचं. वर पिशवी, जागा सावलीची. साधारण 3 आठवड्यांत जोड धरतो. कापात पाणी शिरलं तर काडी काळी पडते. हातमोजे हवेतच, कारण हा चीक हृदयावर परिणाम करणारं विष आहे. आफ्रिकेत तो बाणांना लावत.

कुंडीत जाड वाळू 2 भाग, विटांचे बारीक तुकडे 1, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) 1 आणि गांडूळखत 1. कोकोपीट याहून वाढवलं की पावसाळ्यात मुळं गुदमरतात. जूनपासून सगळ्या कुंड्या प्लास्टिकच्या छताखाली जातात आणि रोज बुंधे दाबून पाहिले जातात. तहानलेला बुंधा सगळीकडे सारखाच मऊ लागतो. कुजणारा एका जागी, बहुधा मातीलगत, दबतो. तो भाग पांढरा स्वच्छ गर लागेपर्यंत कापायचा, प्रत्येक कापानंतर सुरी स्पिरिटने पुसायची. मग कॉपर ऑक्सिक्लोराइड हे बुरशीनाशक लावून आठवडाभर सावलीत सुकवायचं. तपकिरी ठिपका जरी आत राहिला तरी कूज पुन्हा वर चढते.

उन्हाळ्यात पानांखाली लाल कोळी ही रस शोषणारी बारीक कीड होते. कण्हेरीवरची हिरवी अळीही याच कुळातलं झाड म्हणून इथे येते. ती वेचलेली बरी.

कुरिअरची झाडं मुळं धुऊन, दोन दिवस सुकवून, वर्तमानपत्रात गुंडाळून जातात. लावल्यावर 4-5 दिवस पाणी द्यायचं नाही, ही चिठ्ठी प्रत्येक खोक्यात असते. जून ते सप्टेंबर आम्ही झाडं पाठवत नाही.