संत्र्याच्या सालीतली प्रथिनं: टप्प्यांची तुलना करताना

लिंबाएवढ्या हिरव्या फळापासून तोडणीच्या फळापर्यंत नागपुरी संत्र्याच्या सालीतली प्रथिनं कशी बदलत जातात, ते आम्ही एसडीएस-पेज जेलवर (प्रथिनं आकारानुसार पट्ट्यांत वेगळी करणाऱ्या जेलवर) पाहतो. खरी कसोटी टप्पा ठरवताना लागते. नुसत्या रंगावर जाऊ नये. अंबिया बहाराचं (हिवाळ्याच्या शेवटी फुललेलं) फळ आतून पिकलं तरी रात्री पुरेशा गार नसतील तर साल हिरवटच राहते. मृगाच्या (पावसाळ्याच्या सुरुवातीला फुललेल्या) फळाला मात्र थंडीमुळे चांगला रंग चढतो. म्हणून फळधारणेपासूनचे दिवस, फळाचा व्यास आणि रसाचा ब्रिक्स (गोडीचं माप) हे तिन्ही लिहून ठेवतो. बाग एक, खुंट एक, फळं झाडाच्या एकाच बाजूची आणि सकाळीच तोडलेली. प्रत्येक टप्प्याला निदान तीन वेगवेगळी झाडं हवीत. एकाच झाडाची तीन फळं म्हणजे तीन नमुने नव्हेत.

सालीचा फक्त बाहेरचा रंगीत थर घ्यायचा. पांढरा मगज सोबत आला की पेक्टिन येतं आणि अर्काची लापशी होते. काटोल-कळमेश्वरच्या बागेतून साल साध्या बर्फात आणण्यापेक्षा तिथेच द्रव नायट्रोजनमध्ये टाकलेली बरी.

खलात कुटलेल्या 1 ग्रॅम पावडरीला 10 मिली थंडगार अ‍ॅसिटोन लागतं. त्यात 10 टक्के टीसीए (प्रथिनं खाली बसवणारं आम्ल) आणि 0.07 टक्के मर्कॅप्टोइथेनॉल असतं. रात्रभर उणे 20 अंशांवर ठेवून सेंट्रिफ्यूज करतो आणि गाळ पांढुरका होईपर्यंत थंड अ‍ॅसिटोनने धुतो. गाळ तपकिरी राहिला तर फिनॉलिक द्रव्यं उरलीत असं समजा. पुढे जेलच्या लेनमध्ये (एका नमुन्याच्या उभ्या रांगेत) पट्ट्यांऐवजी धूसर ओघळ दिसतो. गाळ फार वाळवूही नका, मग तो विरघळत नाही. त्यानंतर 30 टक्के साखर असलेलं एसडीएस बफर आणि पीएच 8चं फिनॉल घालतो. साखरेने पाण्याचा थर जड होतो, म्हणून प्रथिनं घेतलेलं फिनॉल वर तरंगतं, पेक्टिन खाली राहतं. वरचा थर अलगद उचलून पाचपट मिथेनॉलमध्ये (0.1 मोलर अमोनियम अ‍ॅसिटेटसह) प्रथिनं खाली बसवायची.

प्रथिनांची मोजणी ब्रॅडफर्डने (रंगबदलावरून मोजण्याच्या पद्धतीने) करतो. एसडीएस त्यात ढवळाढवळ करतं, म्हणून प्रथिनं युरिया-थायोयुरियात विरघळवतो आणि बीएसएची (माहीत प्रमाणाच्या प्रथिनाची) प्रमाणरेषाही त्याच द्रावणात काढतो. 12 टक्के जेल, प्रत्येक लेनला 20 मायक्रोग्रॅम. मे महिन्यात नागपूरच्या उकाड्यात जेलचं द्रावण ओतता ओतताच गोठू लागतं. ते आधी थंड करून टेमेड (जेल घट्ट करणारं रसायन) थोडं कमी घालावं. जेल चालताना तापलं की पट्ट्या कमानीसारख्या वाकतात, तेव्हा व्होल्टेज उतरवायचं. एका झाडाचे सगळे टप्पे एकाच जेलवर घेतो, आणि जेल-जेलमधली तुलना करता यावी म्हणून प्रत्येक जेलवर सगळ्या नमुन्यांचं समान मिश्रण असलेली एक लेन ठेवतो.

अ‍ॅक्टिनला स्थिर मानून तुलना करणं आम्हाला पटत नाही. वाढत्या फळात या पेशीतल्या प्रथिनाचं प्रमाणही बदलतं. पूर्ण लेनचा कूमासी (प्रथिनांना चिकटणारा निळा) रंग अधिक भरवशाचा. हिरव्या सालीत 55 किलोडाल्टनच्या आसपास रुबिस्को या प्रकाशसंश्लेषणातल्या प्रथिनाची ठळक पट्टी असते. साल पिवळी होते तशी ती फिकट होत जाते.

हेच डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) लागलेल्या झाडाच्या पानांतही दिसतं आणि तिथे घोटाळा होतो. रोगट झाडाची पानं लवकर पिवळी पडतात, त्यामुळे पट्टी गेली ती रोगाने की पान म्हातारं झाल्याने, हे कळत नाही. अशा वेळी निरोगी झाडाची, रोगट पानांच्याच वयाची हिरवी आणि वयानुसार आपोआप पिवळी पडलेली, अशी दोन्ही पानं सोबत चालवायची.