दोन टिप्पर, दोन नक्ष्या, एक खेप

तिसऱ्या गाडीच्या मागच्या आठ टायरांची ऑर्डर द्यायची होती आणि त्यावरून माझं आणि आमच्या उस्तादांचं महिनाभर जमत नव्हतं. त्यांचं म्हणणं, खाणीत जायचं तर खोल नक्षीच हवी. मी म्हणायचो, खाणीत आपण असतो किती वेळ? शेवटी ठरलं, दोघांनी एकाच दिवशी, एकाच खेपेला, एकामागोमाग गाड्या न्यायच्या आणि बघायचं.

२१० किलोमीटर हायवे, पुढे १७ किलोमीटर कच्चा रस्ता आणि खाण. जाताना रिकामे, येताना भरलेले. दोन्ही गाड्यांचे मागचे दोन्ही अ‍ॅक्सल ओढणारे. उस्तादांच्या टायरांची नक्षी नवी असताना २४ मिलिमीटर, गट्टू, म्हणजे नक्षीतले रबराचे ठोकळे, सुटे सुटे आणि खांद्याची, म्हणजे नक्षी संपून बाजू सुरू होते तिथली, कड उघडी. माझ्या टायरांची २० मिलिमीटर, कड बंद, मधल्या फटी अरुंद. रबर मात्र दोन्हींचं चिरा-टवके सोसणारं. पुढची चाकं दोघांचीही साधी, उभ्या रेघांची. तिथे लग, म्हणजे खोल आडव्या गट्टूंचा, टायर घालायचा मोह कुणी धरू नये. स्टिअरिंग हलकं आणि सरळ राहायला रेघाच लागतात.

निघण्याआधी हवा मोजली, टायर थंड असतानाच. टायरवर हातोडी मारून आवाजावरून अंदाज घेणारे पुष्कळ भेटतात. तळाला गेलेला टायर त्यात कळतो, पण हवा वीसएक पौंडांनी कमी असेल तर कुणाच्या कानाला कळत नाही.

जाताना सांगण्यासारखं काही घडलं नाही. उस्तादांच्या गाडीचा घुंघूं आवाज मागे माझ्या केबिनपर्यंत येत होता, एवढंच.

कच्च्याला लागल्यावर चित्र पालटलं. आदल्या रात्रीच्या पावसाने खाणीच्या अलीकडे पन्नासेक पावलांचा चिखल झाला होता. उस्ताद त्यातून सरळ निघून गेले. उघड्या कडेतून चिखल बाजूला फेकला जातो आणि नक्षी आपोआप मोकळी होत राहते. माझी नक्षी चाकाच्या दुसऱ्याच फेऱ्याला चिखलाने भरली, टायर गुळगुळीत झाला आणि चाकं जागेवर फिरायला लागली. चूक माझीच होती. डिफरन्शियल लॉक, म्हणजे दोन्ही बाजूंची चाकं एकत्रच फिरवणारा लॉक, चिखलात शिरण्याआधी लावायचा असतो. मी अडकल्यावर आठवलं, चाकं पूर्ण थांबवली, मग लॉक लावून हळूच निघालो. फिरत्या चाकावर लॉक टाकला की आतले दात जातात. आणि कडक जमीन लागताच तो काढायचाच. अशा वेळी चिडून रेस देण्यासारखा दुसरा घातक प्रकार नाही. खाली टोकदार खडी असेल तर जागेवर फिरणारं चाक स्वतःलाच करवतीने कापून घेतं.

भरून झाल्यावर हायवेला चढण्याआधी वाकून टायर बघायचे, ही सवय लावून घ्या. माझ्या डाव्या जोडीत, दोन टायरांच्या मधोमध नारळाएवढा दगड बसला होता. पहारीने निघेना. बाहेरच्या चाकाची हवा कमी केल्यावर सुटला आणि मग हवा परत भरली. तसाच गेलो असतो तर दोन्ही टायरांच्या बाजू कापल्या असत्या, नाहीतर वेगात सुटून मागच्या गाडीची काच गेली असती. नक्षीतले बारीक खडे स्क्रूड्रायव्हरने काढले. फटीच्या तळाशी उंचवटे असलेली नक्षी मिळाली तर घ्या, खडा आत रुतून टायरमधल्या तारांपर्यंत पोचत नाही.

खरा फरक कळला परतीच्या ९० किलोमीटरनंतर. थांबून हाताची मागची बाजू टायरच्या खांद्याशी नेली. माझे टायर गरम होते, उस्तादांचे आतले टायर हात टिकू देईनात. खोल, सुटे गट्टू भाराखाली सतत मागेपुढे वाकतात, त्या वाकण्याची उष्णता होते आणि टायर जातो तो बहुधा या उष्णतेने. त्यांच्या क्लीनरने वॉल्व्हला हात घातला, तेव्हा मी ओरडलोच. गरम टायरची वाढलेली हवा काढायची नाही, थंड झाल्यावर ती कमी पडते आणि टायर आणखी तापतो. वेग कमी करायचा, नाहीतर सावलीत थांबायचं. आम्ही थांबलो. त्या वेळात बघितलं, तर त्यांचा प्रत्येक गट्टू एका बाजूने झिजून करवतीच्या दात्यासारखा झालेला. हे हायवेने केलेलं, खाणीने नव्हे.

टायरच्या बाजूवर छापलेले आकडेही वाचायला हवेत. १५२/१४८ असेल तर एकट्या टायरला ३५५० किलो, जोडीतल्या प्रत्येकाला ३१५० किलो. पुढचं अक्षर वेगाचं, ‘के’ म्हणजे ताशी ११० किलोमीटर, ‘जी’ म्हणजे ९०. खाणीसाठीच बनवलेल्या काही टायरांचं अक्षर खालचं असतं, ते लांब हायवेला चालवायचे नसतात.

उस्ताद शेवटी म्हणाले, “चिखलात तू अडकलास, ते विसरू नकोस.” विसरलो नाही. खेपेचा बहुतेक रस्ता कच्चा असता, तर मी त्यांचीच नक्षी घेतली असती. आमच्या खेपेत दहातले नऊ किलोमीटर डांबराचे, म्हणून तिसऱ्या गाडीला बंद कडेचे, २० मिलिमीटरचे आठ मागवले. पावसाळ्यापुरत्या, चिखलात चाकांना बांधायच्या साखळ्या केबिनमागे ठेवल्या. जोड्या लावताना प्रत्येक टायरचा घेर फितीने मोजला. जोडीत व्यासाचा फरक साधारण ६ मिलिमीटरच्या, म्हणजे घेरात १९ मिलिमीटरच्या वर गेला की मोठा टायर जास्त भार घेतो आणि धाकटा घासत फरफटतो. आठांपैकी एक थोडा मोठा भरला. तो स्टेपनीला टाकला आणि जुन्या स्टेपनीतला, मापात बसणारा, आत घातला.