टाच अडीच सेंटिमीटर बाहेर

कॅनडातील व्हिस्लर या गावी स्नोबोर्डच्या, म्हणजे उभे राहून बर्फावरून घसरत जाण्याच्या फळीच्या, एका दुकानामागच्या कार्यशाळेत मी काम करतो. बोर्डच्या कडांना धार लावणे, तळाला वॅक्स लावणे आणि बाइंडिंग, म्हणजे बूट बोर्डला पट्ट्यांनी जखडणारा भाग, बसवून देणे ही माझी रोजची कामे. त्याआधी पुण्यात मी काही वर्षे सायकलदुरुस्ती केली होती आणि दोन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखीच आढळली: गिऱ्हाईक येते ते आपल्या तक्रारीचे उत्तर आधीच ठरवून, आणि ते उत्तर बहुतेक वेळा एखाद्या महागड्या सुट्या भागाचे नाव असते.

जानेवारीतल्या एका शनिवारी दुकान उघडताच एक बाई आल्या. व्हँकूवरला परिचारिका म्हणून काम करणाऱ्या या बाई सव्वाशे किलोमीटर गाडी चालवत पहाटेच निघाल्या होत्या. हा त्यांचा तिसरा हंगाम. हिरव्या खुणेचे सोपे उतार त्या आता विनासायास उतरत आणि निळ्या चौकोनाच्या मध्यम उतारांवर जाऊ लागल्या होत्या. बरोबर बोर्ड, बूट आणि ओळखीच्या कोणाकडून घेतलेल्या बाइंडिंगचा खोका होता. "जुनी काढा आणि ही बसवून द्या, मला दहापर्यंत वर जायचे आहे," त्या म्हणाल्या.

खोक्यातले बाइंडिंग मी उलटे करून पाहिले. एरवी तळपाटाच्या मधोमध चार स्क्रूंची गोल तबकडी असते. इथे ती नव्हती. बर्टन या कंपनीच्या बोर्डवर लांबीच्या दिशेने जी सलग खाच असते, जिला चॅनल म्हणतात, केवळ तिच्यासाठीच हा प्रकार केलेला असतो. बाईंच्या बोर्डवर मात्र नेहमीची आटे पाडलेली भोके होती, लांबीच्या दिशेने दोन आणि रुंदीच्या दिशेने चार सेंटिमीटर अंतराची. म्हणजे हे बाइंडिंग त्या बोर्डवर बसणे शक्यच नव्हते. दुसऱ्याचे बाइंडिंग घेण्याआधी आपल्या बोर्डवर भोके आहेत की खाच, एवढे पाहून घेतले तरी बरेच पैसे वाचतात.

त्या निराश झाल्या, तेव्हा मी विचारले की हेच बाइंडिंग का हवे होते. त्या म्हणाल्या, "हे ताठ आहे. दहापैकी आठ. माझे जुने मऊ आहे, म्हणून बोटांकडच्या कडेवर बोर्ड वळायला उशीर लागतो. दुपारपर्यंत पोटऱ्या भरून येतात आणि पाय बधिर होतात."

हे ऐकल्यावर मला मागच्या हंगामातील एक तरुण आठवला. त्यानेही अशीच तक्रार सांगितली होती, ताठ बाइंडिंग मागितले होते आणि मी एकही प्रश्न न विचारता ते बसवून दिले होते. महिन्याभराने तो दुखरा गुडघा घेऊन आला आणि ते परत घ्याल का, असे विचारू लागला. ती चूक माझी होती, आणि तेव्हापासून बाइंडिंगला हात लावण्याआधी मी बूट मागून घेतो.

बाईंचा बूट बाहेरून मोजला तर अठ्ठावीस सेंटिमीटर भरला. जुने बाइंडिंग होते एल मापाचे. त्यांच्या बुटाला उत्पादकाच्या तक्त्याप्रमाणे एम माप लागत होते. बूट बाइंडिंगमध्ये ठेवून पट्टे आवळले, तरी तो दोन्ही बाजूंना हलत होता, आणि ते हलणे थांबवण्यासाठी बाई घोट्यावरचा पट्टा इतका करकचून ओढत की पाय बधिर होणे साहजिकच होते. खरा घोटाळा मात्र बोर्ड टेबलावर ठेवल्यावर दिसला. टाचेमागचा कमानदार भाग मोठ्या मापामुळे फार मागे गेला होता आणि त्यात टेकलेली टाच बोर्डच्या कडेबाहेर अडीच सेंटिमीटर आली होती; बुटाचा पुढचा भाग कडेच्या अर्धा सेंटिमीटर आतच संपत होता. बूट पुढेमागे सारखा बाहेर यायला हवा, आणि या बोर्डवर तसा बसवला तर दोन्हीकडे साधारण एकेक सेंटिमीटर येत होता. बोटांकडची कड दाबायला तरफ हवी, ती त्यांच्या पायाला मिळतच नव्हती. ती कमतरता पोटऱ्या भरून काढत होत्या. ताठ बाइंडिंगने हे अंतर मिलिमीटरभरही बदलले नसते.

मी त्यांना पट्टी लावून आकडे दाखवले. त्या बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "पण ताठ घेतले तर निदान प्रतिसाद लवकर मिळेल ना?" प्रश्न रास्त होता आणि तोंडी उत्तराने त्यांचे समाधान झाले नसते. आमच्याकडे वापरून पाहण्यासाठी बाइंडिंग ठेवलेली असतात. मी ठरवले की एका वेळी एकच गोष्ट बदलायची: आधी जुन्याइतकेच मध्यम लवचीक, पण एम मापाचे, मग त्याच मापाचे ताठ. दोन्ही एकदम बदलले असते, तर फरक कशामुळे पडला हे त्यांनाही कळले नसते आणि मलाही.

पहिले बाइंडिंग बसवताना पाय पूर्वीइतकेच, एक्कावन्न सेंटिमीटर अंतरावर ठेवले, आणि कोनही पूर्वीचेच, पुढच्या पायाला अधिक पंधरा (बोटे बोर्डच्या पुढच्या टोकाकडे) व मागच्याला उणे पंधरा अंश (बोटे मागच्या टोकाकडे). हायबॅकचा, म्हणजे पोटरीमागच्या उभ्या आधाराचा, पुढचा कल शून्यावर ठेवला. तबकडीतल्या खाचा आडव्या फिरवून बूट पुढेमागे मध्यावर आणला. स्क्रू सहा मिलिमीटर जाडीचे असतात; त्यांना तीन नंबरचा पोझिड्राइव्ह स्क्रूड्रायव्हर लागतो, साध्या फुलीच्या फिलिप्सने डोके झिजते. शिवाय ते नेमक्या लांबीचे असावे लागतात, कारण लांब स्क्रू तळाला आतून टेंगूळ आणतो आणि आखूड स्क्रू आट्यांसकट उपटून येतो. स्कीच्या बाइंडिंगमधून पडताना बूट सुटतो, स्नोबोर्डच्या बाइंडिंगमधून तो सुटत नाही. म्हणूनच या चार स्क्रूंकडे मी फार बारकाईने पाहतो.

साडेअकराला त्या परत आल्या. पट्टा दोन दात सैल ठेवूनही बूट हलला नव्हता आणि एमराल्ड लिफ्टखालच्या सोप्या उतारांवर बोटांकडची वळणे पहिल्याच फेरीत वेळेवर लागली होती. मग मी ताठ जोडी बसवली. दोन वाजता आल्या तेव्हा कोपरावर बर्फ चिकटलेला होता. निळ्या उतारावर वेगात असताना बोर्ड खरोखर चटकन वळत होता, हे त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. पण सपाट वाटेवर पाय जरासा कलला की कड तत्काळ बर्फात रुतत होती आणि तशाच त्या दोनदा पडल्या होत्या. मऊ बाइंडिंग घोट्याची जी छोटी चूक गिळून टाकते, ती ताठ बाइंडिंग जशीच्या तशी बोर्डपर्यंत पोहोचवते. शिवाय त्यांचे बूट मध्यम ताठपणाचे होते, आणि बुटापेक्षा खूप ताठ बाइंडिंगमध्ये पट्ट्याखाली बूटच दबतो, त्यामुळे त्या ताठपणाचा अर्धा उपयोगही होत नाही. लवचीकतेचे आकडे एका कंपनीचे दुसऱ्या कंपनीशी जुळतातच असे नाही, हे मी त्यांना जाताजाता सांगितले.

त्यांनी मध्यम लवचीक जोडी घेतली. कोनांविषयी माझा आग्रह नव्हता, तरी उलट्या दिशेने फारसे उतरत नसल्याने मागचा पाय उणे नऊवर आणू का, असे विचारले, आणि त्यांनी तो आणायला सांगितला. कार्डावर मी सगळे आकडे लिहून दिले आणि पहिल्या दिवसानंतर स्क्रू पुन्हा तपासायला या, असे बजावले.

पंधरा दिवसांनी त्या आल्या. सात स्क्रू घट्ट होते आणि मागच्या पायाचा आठवा पाव फेरा फिरला.