पावणेदोन तासांचं विमान

पांढरकवड्याजवळच्या एका गावात माझं ऑनलाईन सेवा केंद्र आहे. सातबारा, पीकविमा, आधार ही रोजची कामं. विमानाचं तिकीट क्वचितच. ऐन वेचणीच्या दिवसांत एक काका थेट वावरातून आले. बाहीला कापूस चिकटलेला, फोन अजून कानाला. बंगळूरला कामाला असलेल्या मुलाचा अपघात झाला होता. डोक्याला मार, दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन. त्याआधी घरचं कोणी पोचावं, असा डॉक्टरांचा निरोप.

"बाबू, लवकरात लवकर काहीनं पोचीन, थे सांग."

भाचा गाडी घेऊनच आला होता. त्याचं म्हणणं, आपला ४४ नंबरचा हायवेच बंगळूरला जातो, मग विचार कसला? तेही खरंच. नागपूर, पांढरकवडा, आदिलाबाद, हैदराबाद, बंगळूर, सगळं एकाच रस्त्यावर. पण आमच्याकडून ते साडेनऊशे किलोमीटरच्या आसपास भरतं. एकटा ड्रायव्हर, रात्रीचा प्रवास, डिझेल आणि जेवण धरलं तर सकाळ उजाडणार. शिवाय रडवेल्या माणसाला घेऊन रात्रभर गाडी हाकणं मला धोक्याचं वाटत होतं.

मी नागपूरहून संध्याकाळचं विमान सुचवलं, तर काका भडकले. "पोरगा तिकडं खाले हाये, अन् तू मले उलटा नागपूरले धाडतं?"

त्यांचा राग मला पटत होता. दीडशे किलोमीटर उत्तरेला जायचं आणि तेवढंच पुन्हा हवेतून दक्षिणेला यायचं, हे कोणालाही खुळेपणाचंच वाटेल. नागपूर ते बंगळूर हवाई अंतर ८९० किलोमीटरच्या आसपास, तिकिटावर पावणेदोन तास. त्यातही धावपट्टीपर्यंत सरकणं, वर चढणं, उतरणं आलंच. पण माणसाला घरापासून दवाखान्यापर्यंतचा वेळ लागतो, आणि तो तिकिटावर छापलेला नसतो.

पीकविम्याच्या एका रद्द पावतीमागे मी हिशेब मांडला. नागपूरचं सोनेगाव विमानतळ गाठायला तीन तास. काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतं, म्हणून तिथं दोन तास हाताशी. मग विमान. बंगळूरचं विमानतळ शहराबाहेर देवनहळ्ळीला, म्हणून पुढे आणखी दीड-दोन तास. सगळे मिळून नऊ तासांच्या आत-बाहेर. भाच्यानं हैदराबाद सुचवलं. तिथून विमान तासाभराचं आणि दिशाही सरळ, पण आधी साडेतीनशे किलोमीटर रस्ता, वर शमशाबादचं विमानतळ शहराच्या पार पलीकडच्या अंगाला. त्या वाटेनं मध्यरात्र उलटून जात होती.

काकांनी पावतीवरचे आकडे बोटानं खालपर्यंत मोजले. म्हणाले, "काढ."

तिकिटावर नाव ओळखपत्रावरचंच लागतं आणि त्यांचं आधारकार्ड घरी. भाचा पळत जाऊन घेऊन आला. पहिलाच विमानप्रवास, म्हणून मी त्यांच्या खिशातली माचिस टेबलावर काढून ठेवायला लावली. त्या घाईतही काकांनी मला विचारलं, आत पाणी तरी भेटते का. ऐनवेळचं भाडं जबर होतं. ते भाच्यानं फोनवरूनच भरलं.

रात्री नवाच्या सुमारास फोन आला. मुलानं बापाला ओळखलं होतं. सकाळी ऑपरेशनच्या कागदावर सही काकांनीच केली, आणि ते नीट पार पडलं.

आठवडाभरानं पुन्हा त्यांचा फोन. परतीला बल्लारशाहपर्यंतची रेल्वे काढून दे म्हणाले, भाचा तिथं घ्यायला येणार होता.